मैदानाला सर हवेत

१ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे नाव महाराष्ट्रभर झाले. त्याआधी महाराष्ट्राच्या खेळाडूने ऑलिंपिकचे वैयक्तिक पदक आणले होते ते १९५२ साली हेलसिंकीहून. तो मान कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचा. मध्ये ७२ वर्षे गेली. या काळात धावण्याच्या शर्यतींत ज्यांनी राज्याचे नाव काढले, त्यांचे पत्ते बघण्यासारखे आहेत. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्य जिंकणारी कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची. २०१६ला रिओमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारी ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीची, पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय स्त्री. २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतले रौप्य आणि पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतले सुवर्ण आणणारा अविनाश साबळे बीडमधल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा.

मी स्वतः माणची. लग्नानंतर नाहूरला आले आणि इथलीच झाले. मुंबईतल्या भांडुप आणि मुलुंडच्या मधले हे स्टेशन, जिथे फक्त धिम्या गाड्या थांबतात. इथे आणि आसपास सातारा, सांगली, कोकण इथून आलेल्या माणसांची घरे पुष्कळ. ललिता रिओत धावली तेव्हा आमच्या इमारतीतल्या माणदेशी घरांत दिवाळी होती. तिला ‘माणदेशी एक्स्प्रेस’ म्हणताना माझाही आवाज भरून आला होता. पण त्या वेळी आणि नंतर प्रत्येक पदकाच्या वेळी जे बोलले गेले, लिहिले गेले, भाषणांत आळवले गेले, त्यातल्या एका गोष्टीला माझा ठाम विरोध आहे. गरिबीने, दुष्काळाने, हालअपेष्टांनी ही मुले घडवली, असे आपण मानून चाललो आहोत. ते खरे नाही, आणि त्याने गावच्या शाळांचे फार नुकसान केले आहे.

अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटर चालत-धावत शाळेला जायचा, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. ती सांगताना सांगणाऱ्याचा सूर असा असतो, की जणू ते सहा किलोमीटर म्हणजे कोणी आखून दिलेला सराव होता. तो सराव नव्हता. जायला-यायला गाडी नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. तसल्याच वाटेने रोज चालणारी मुले मराठवाड्यात आणि माणदेशात हजारोंनी होती आणि आहेत. त्यांतली कितीतरी सातवी-आठवीला शाळा सोडून ऊसतोडीला गेली, मुलींची लग्ने झाली. त्यांच्या पायांनाही तीच वाट होती. वाट खेळाडू घडवत असती तर बीड जिल्ह्यात घरटी एक साबळे असता. पदक मिळाले त्याचीच गोष्ट छापून येते, म्हणून कष्टांना पदकाचे श्रेय जाते. कष्टांनी ज्यांना मोडले, त्यांची नावे कुठे छापून येतात?

आता याच माणसांच्या गोष्टी नीट वाचल्या तर प्रत्येकीत एक संस्था दिसते आणि बहुतेक ठिकाणी एक माणूस. खाशाबा कराडच्या टिळक हायस्कूलचे विद्यार्थी. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. कविता राऊतला नाशिकमध्ये विजेंद्रसिंग यांच्यासारखे प्रशिक्षक मिळाले. स्वप्नील २००९ साली सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. त्याचे वडील शिक्षक, म्हणजे अशा योजनेचा कागद वाचून फॉर्म भरणारे माणूस घरातच होते. साबळे सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचिनला राहून आला, २०१५मध्ये सैन्याच्या क्रॉस कंट्रीत धावला आणि २०१७ला स्टीपलचेसकडे वळला. तेव्हा तो बावीस-तेवीस वर्षांचा होता. ज्या वयात केनियाचे धावपटू जागतिक स्पर्धांत मुरलेले असतात, त्या वयात आपला सगळ्यात मोठा धावपटू या प्रकाराशी ओळख करून घेत होता. सैन्याने त्याला ओळखले, हे सैन्याचे मोठेपण. पण सैन्याची भरती काही स्टीपलचेसपटू शोधण्यासाठी नसते. तो तिथे गेला नसता तर?

कष्टांच्या गोष्टीपेक्षा मला हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. कष्ट सगळ्यांच्याच वाट्याला होते. यांच्या वाट्याला योग्य वेळी कोणीतरी आले. आणि गावातल्या मुलाच्या आयुष्यात असे कोणी येण्याची पहिली जागा, बहुतेकांच्या बाबतीत एकमेव जागा, म्हणजे गावचे हायस्कूल. पाचवी ते दहावीची सहा वर्षे. त्या सहा वर्षांत शाळेत पी.टी.चे सर आहेत की नाहीत, यावर गावातल्या खेळाचे सगळे ठरते. मला एवढेच म्हणायचे आहे आणि तेच पुनःपुन्हा म्हणायचे आहे: पदकांची बक्षिसे, अकादम्या, सत्कार हे सगळे नंतरचे. प्रत्येक हायस्कुलाला कायमचा, पूर्ण वेळचा क्रीडाशिक्षक आणि फक्त खेळासाठी राखलेले मैदान मिळायला हवे. हा तिथे शिकणाऱ्या सगळ्या मुलांचा हक्क आहे. तो कुणाच्या पदकाच्या शक्यतेवर अवलंबून असता कामा नये.

पी.टी.चे सर काय करतात, हे शहरातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. शिट्टी, कवायत आणि पंधरा ऑगस्टचे संचलन एवढेच डोळ्यांपुढे येते. माझ्या शाळेतल्या सरांचा जुलै-ऑगस्ट मला नीट आठवतो. शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम भर पावसात यायचा. मैदानावरचे गवत आम्ही मुले-मुली उपटायचो, सर खुंटी-सुतळीने अंतर मोजून फक्की मारायचे, रात्री पाऊस पडला की सकाळी पुन्हा मारायचे. लांब उडीच्या खड्ड्यासाठी ओढ्यातून वाळू आणायची, ती चाळणीतून काढायची, कारण खड्यावर पडून एकीची टाच फुटली होती. खो-खोचे खांब निलगिरीचे. सर ते दरवर्षी पॉलिश पेपरने घासून घ्यायचे, खांबाला वळसा घालताना हाताला कूस लागू नये म्हणून. हे झाले मैदानावरचे. मग कागद: वयोगट १४, १७ आणि १९, त्यानुसार प्रत्येकाचा जन्मदाखला, बोनाफाइड, फोटो, मुख्याध्यापकांची सही. मग मुलींच्या घरी जायचे. संध्याकाळी सर उंबऱ्याबाहेर उभे राहून आमच्या दादांना सांगायचे, “मी स्वतः घेऊन जातो, स्वतः आणून सोडतो. अंधार पडायच्या आत.” आणि दादा ऐकायचे, कारण सर पंधरा वर्षे गावात होते, त्यांनी गावातल्या घराघरांतली भावंडे पाहिली होती. नव्याने आलेल्या, वर्षभराच्या करारावर असलेल्या माणसाचे कोणी ऐकले असते?

दीर्घ काळ एका जागी राहणे हे या कामाचे मर्म आहे. जगातले सगळ्यात ठळक उदाहरण केनियातल्या इटेन या गावचे. तिथल्या सेंट पॅट्रिक्स हायस्कूलमध्ये १९७६ साली कॉल्म ओ’कॉनेल नावाचे आयरिश धर्मबंधू भूगोल शिकवायला आले. अ‍ॅथलेटिक्सचे कसलेही शिक्षण त्यांच्याजवळ नव्हते. ते मुलांना धावताना बघत गेले, शिकत गेले आणि तिथेच राहिले, दशकानुदशके. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचे सुवर्ण जिंकणारा पीटर रोनो या शाळेचा, ८०० मीटरचा विश्वविक्रम करणारा विल्सन किपकेटर या शाळेचा. २०१२ला लंडनमध्ये ८०० मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत धावणाऱ्या डेव्हिड रुडिशाचे प्रशिक्षकही हेच. इटेनच्या उंचीबद्दल, तिथल्या लोकांच्या शरीरयष्टीबद्दल खूप लिहिले जाते. समुद्रसपाटीपासून २,४०० मीटरवरचे गाव, हवा विरळ, हे सगळे खरेच आहे. पण त्या उंचीवर दुसरीही गावे होती आणि दुसऱ्याही शाळा होत्या. या शाळेत एक शिक्षक टिकला.

आपल्याकडे नेमके हे टिकणेच अशक्य करून ठेवले आहे. शाळेचा पट घसरला की संचमान्यतेत पदे कमी होतात, आणि ‘अतिरिक्त’ ठरण्याची पहिली पाळी कला आणि क्रीडा शिक्षकांवर येते. गणिताचे पद जाऊ द्यायला गावही तयार नसते; खेळाचे गेले तर कोणी संस्थेच्या दारात जाऊन बसत नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान हवे असे लिहिले आहे, ही चांगली गोष्ट. पण त्याच अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, तेही शंभरावर मुले असतील तर, कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. अंशकालीन म्हणजे मानधनावर, तासांच्या हिशेबावर, पुढच्या वर्षी असेल-नसेल असा. असा माणूस जीव तोडून काम करणारा असू शकतो, असे अनेक आहेतही. पण त्याने कोणाच्या उंबऱ्यात उभे राहून कसला शब्द द्यायचा? आणि जिथे पूर्ण वेळचे सर आहेत, तिथे त्यांच्याकडे भूगोल असतो, परीक्षा विभाग असतो, निवडणुकीची कामे असतात. दहावीच्या वर्गाचा खेळाचा तास तर नोव्हेंबरनंतर वेळापत्रकात फक्त छापलेला राहतो. प्रत्यक्षात तिथे बीजगणित चालू असते.

स्पर्धांची रचनाही अशीच, मोजक्यांसाठी. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशी शिडी. सांघिक खेळांत बाद पद्धत. समजा तालुक्यात खो-खोचे ३२ संघ उतरले. पहिल्या फेरीत १६ घरी जातात, दुसऱ्या फेरीत आणखी ८. म्हणजे ३२ पैकी २४ संघांच्या वाट्याला वर्षभरात फार तर दोन सामने. शाळा उघडल्यापासून सराव केलेल्या मुलीचे वर्ष अर्ध्या-पाऊण तासात संपते, आणि मग पुढचा जुलै येईपर्यंत खांब पत्र्याच्या खोलीत पडून राहतात. जिंकणारा संघ निवडायला ही पद्धत सोयीची आहे, स्वस्त आहे, लवकर उरकते. खेळायला लावायला ती निरुपयोगी आहे. वडापच्या जीपने अर्ध्या तासात जाता येईल अशा टापूतल्या सहा हायस्कुलांनी आपसांत साखळी सामने ठेवले, दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, तर प्रत्येक संघाला पाच सामने मिळतील आणि एकूण १५ सामने होतील. हरलेल्या संघाला पुढच्या शनिवारी सुधारून दाखवायची संधी मिळेल. शिवाय एकच संघ उतरवायचे बंधन कशाला? शाळेचा ‘अ’ संघ, ‘ब’ संघ, सातवीचा वेगळा संघ. बारा मुली निवडल्या की उरलेल्या दीडशे जणींनी टाळ्या वाजवायच्या, हे मला कधीच पटले नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांतही मी होते आणि निवडलेल्यांतही. निवडले जाण्याआधीची दोन वर्षे मी फक्त सतरंज्या उचलल्या.

मुलींबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण माझ्या मते गावच्या हायस्कुलाच्या खेळाचा सगळ्यात मोठा हिशेब त्यांच्याशी आहे. गावातल्या मुलाला शाळा नसली तरी खेळ असतो. तो पारावरून उठून माळावर जातो, क्रिकेट खेळतो, नदीवर पोहतो, तालमीत जातो, यात्रेतल्या कुस्त्यांना जातो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला यातले काहीही नाही. घरून विचारून, कारण सांगून, वेळ ठरवून बाहेर पडावे लागते. तिला मोकळ्यावर जोरात धावता येईल, ओरडता येईल, पडून गुडघा फोडून घेता येईल आणि त्याबद्दल कोणी बोलणार नाही, अशी सबंध गावात एकच जागा असते: शाळेचे मैदान. तिथून ती दहावीला बाहेर पडली की ही जागा कायमची बंद होते. म्हणून शाळेतला खेळाचा तास बुडतो तेव्हा मुलाचा एक तास बुडतो आणि मुलीचा सगळाच खेळ बुडतो. हे मी फार विचार करून लिहिते आहे.

शाळेने दार उघडले की काय होते, हे दुसरीकडे मोजलेले आहे. अमेरिकेत १९७२ साली कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलगी म्हणून कुणाला डावलता येणार नाही. खेळही त्यात आले. कायद्याआधी तिथल्या हायस्कुलांच्या संघांतून खेळणाऱ्या मुलींची संख्या तीन लाखांच्या आत होती. आज ती तीस लाखांच्या पुढे आहे. मुलींना आधी खेळायची इच्छा नव्हती आणि कायद्याने ती आली, असे कोणी म्हणणार नाही. संघ नव्हते, ते निघाले.

आपल्याकडेही खूण दिसते. धाराशिवच्या सारिका काळे २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय खो-खो संघाच्या कर्णधार होत्या, २०२०ला त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि पुढे त्या तालुका क्रीडा अधिकारी झाल्या. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. हा खेळ गावच्या हायस्कुलांनी जगवला. त्याला बूट लागत नाहीत, गवत लागत नाही, पंप मारलेला चेंडू लागत नाही. दोन खांब, फक्की आणि नऊ जणी. एवढ्यात होणारा खेळसुद्धा ज्या शाळेत होत नाही, तिथे अडचण पैशाची नसते. खांब रोवून घेणारे कोणी तिथे नसते.

आता यावर जे आक्षेप येतात, ते मी आमच्या घरातही ऐकलेले आहेत. पहिला अभ्यासाचा. खेळून पोट भरते का, दहावीचे वर्ष वाया जाईल. सरकारने यावर सवलतीच्या गुणांचा तोडगा काढला: जिल्हा, विभाग, राज्य अशा पातळ्यांप्रमाणे दहावी-बारावीला वाढीव गुण. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण. हेतू चांगला होता आणि अनेकांचे भले झाले, यात शंका नाही. पण त्याने खेळाची किंमत प्रमाणपत्रात मोजायची सवय लागली. ज्या खेळात संघ कमी उतरतात तिथे नाव नोंदवा, म्हणजे लवकर वरची पातळी मिळते, असे सल्ले पालक एकमेकांना देतात. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर सरकारी नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे राज्यात उघडकीला आली, ती याच सवयीचे टोक. गुण द्यावेत. पण शाळेतला खेळ गुणांसाठी आहे, असे मुलाला वाटू लागले, की गुण न मिळणाऱ्या मुलाने खेळायचे कशाला, हा प्रश्न तयारच असतो. त्याला उत्तर द्यायला मैदानावर रोज कोणी तरी मोठे माणूस हवे.

दुसरा आक्षेप भरतीचा, आणि तो मला सगळ्यात जवळचा वाटतो. पोरांना पदके नकोत, नोकरी हवी आहे, असे लोक म्हणतात. बरोबर आहे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात: मुलांना १,६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. त्यासाठी माणदेशातली पोरे-पोरी पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर धावतात. बाजूने उसाचे ट्रॅक्टर जातात, ट्रक जातात. डांबरावर धावून धावून नडगीची हाडे दुखावतात, त्याला पोरे ‘शिन पेन’ म्हणतात आणि गोळी खाऊन पुन्हा धावतात. आणि दोनशे पावलांवर शाळेचे मातीचे मैदान असते, फाटकाला कुलूप लावलेले. ते उघडायची जबाबदारी घ्यायला कोणी नसते म्हणून. गोळा कसा धरायचा, मानेशी कसा टेकवायचा, हे ही पोरे मोबाइलवर बघून शिकतात. शाळेत सहा वर्षे सर असते तर सोळाव्या वर्षीच त्यांना हे येत असते. भरती हवी असणाऱ्यांनी तर क्रीडाशिक्षकाचे पद सगळ्यांत आधी मागायला हवे.

तिसरे म्हणणे तज्ज्ञांचे. गावोगाव शिक्षक नेमण्यापेक्षा गुणी मुले हेरून निवासी प्रबोधिनीत न्यावीत, तिथे चांगले प्रशिक्षक, आहार, साहित्य द्यावे. स्वप्नील याच वाटेने गेला आणि पदक घेऊन आला. त्या वाटेला माझा विरोध नाही. २०१८ला चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांतली पाच मुले एव्हरेस्टच्या शिखरावर पोचली, तेव्हा नीट निवड आणि नीट तयारी काय करू शकते हे सगळ्यांनी पाहिले. माझे म्हणणे एवढेच, की हेरायचे कुठून? ज्या मुलीने कधी मोजलेल्या १०० मीटरवर धावलेच नाही, तिला चाचणीच्या दिवशी कोणी कसे हेरणार? तिला चाचणीची तारीख तरी कोण सांगणार? प्रबोधिनीच्या विहिरीला पाणी गावच्या हायस्कुलांच्या झऱ्यांचेच येते. झरे बुजवून विहीर खोल करत राहण्यात शहाणपण नाही. आणि समजा एकही मूल प्रबोधिनीत गेले नाही, तरी? पुढे शेती करणारा, दुकान टाकणारा, नर्स होणारी, आई होणारी जी शेकडो मुले त्या शाळेतून बाहेर पडतात, त्यांच्या अंगात सहा वर्षांचा खेळ असणे ही गोष्ट एका पदकाहून लहान नाही.

कुसाळेला राज्य सरकारने १ कोटी रुपयांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा मला आनंदच झाला; त्याने ते कमावले होते. पण पदकानंतर येणारा पैसा कितीही मोठा असला तरी तो एका घरी जातो. पदकाच्या दहा-पंधरा वर्षे आधी, कोण जिंकेल हे कोणालाच ठाऊक नसताना, सगळ्यांवर सारखा खर्च करणे हे सरकारचे काम आहे. तो खर्च म्हणजे क्रीडाशिक्षकाचा पगार.

आणि आम्हा मुंबईकरांचे काम? इथे नाहूरकडे यावे लागते. आमच्या गावचे ग्रामस्थ मंडळ इथे आहे. माण-खटावची माणसे माथाडी म्हणून मुंबईत आली, पुढे त्यांची मुले बँकांत, महापालिकेत, कंपन्यांत लागली, वर्गणी वाढली. गावाकडच्या देवळाचा जीर्णोद्धार मुंबईच्या पैशांतून झाला, सभामंडप झाला, यात्रेतल्या शेवटच्या कुस्तीचे इनाम मुंबईहून जाते. गेल्या सभेत गावाच्या वेशीवर कमान बांधायचा विषय होता. मी उठून म्हटले, “आण्णा, या वर्षी हायस्कुलाचं मैदान करू या. सपाटीकरण, पाण्याचा नळ आणि मुलींसाठी कडी लागणारं स्वच्छतागृह.” आमचे अध्यक्ष आण्णा वयाने आणि कामाने मोठे आहेत, मंडळ त्यांनी उभे केले. ते म्हणाले, “आगं, मैदान हाय की तितं. माळच हाय सगळा. कमान नाय गावाला.” मागून एक तरुण मुलगा म्हणाला, “आण्णा, माळावर बाजार भरतोय, मंडप पडत्यात, खडी टाकलीय पुलाच्या ठेकेदारानं. मी गेल्या मे महिन्यात धावायला गेलो तर पाय ठेवायला जागा नव्हती.” तो मुलगा नाहूरलाच जन्मलेला, इथल्याच शाळेत शिकलेला. त्याच्या शाळेला मैदान म्हणजे इमारतीमागची सिमेंटची पट्टी होती. इथे आमच्या सोसायट्यांच्या आवारात चेंडू खेळायला मनाई आहे, टर्फ तासाच्या भाड्याने मिळतो, आणि मुलुंडच्या प्रियदर्शिनी क्रीडा संकुलात पोहायला जायचे तर फी, वेळ आणि नेणारे-आणणारे माणूस लागते. इथे उपनगरात मैदान मागूनही मिळत नाही, कारण जमीनच उरलेली नाही. गावाकडे जमीन आहे, ती आपण खडी टाकायला देतो. त्या मुलाला हे दिसले, कारण त्याने दोन्ही बाजू पाहिल्या होत्या.

मैदानाचा खर्च मंडळ करू शकते आणि त्याने करावा: सपाटीकरण, नळ, स्वच्छतागृह, खो-खोचे दोन जोड खांब, उडीच्या खड्ड्याला वाळू, साखळी सामन्यांच्या शनिवारचे वडापचे भाडे. मैदानावर लग्नाचा मंडप आणि बांधकामाचे सामान पडणार नाही, असा ठराव ग्रामसभेकडून करून घ्यावा. पण सरांचा पगार मंडळाने देऊ नये, हे मी सभेतही सांगितले आणि त्यावरून बराच वाद झाला. वर्गणीवर नेमलेला माणूस अध्यक्ष बदलला की जातो, आणि आपण पगार देऊ लागलो की ते पद मागायचेच कोणी राहत नाही. पद सरकारचे आहे, ते सरकारकडूनच घ्यायला हवे.

म्हणून दिवाळीत गावी जाणाऱ्यांनी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: क्रीडाशिक्षकाचे पद मंजूर आहे का, असल्यास किती वर्षे रिकामे आहे, आणि खेळाचे तास सध्या कोण घेते. पद मंजूर असून रिकामे असेल तर ते भरण्याचा अर्ज, मंजूरच नसेल तर मंजुरीचा. दोन्ही अर्ज जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्या नावे जातील. मसुदे मी तयार केले आहेत, एकेका पानाचे. त्यांवर गावातल्या पालकांच्या सह्या आधी, मग मुंबईकरांच्या. दहावीतल्या मुलींच्या आयांनी सही करावी, असा माझा आग्रह आहे, आणि कमानीच्या बाजूने बोललेल्या आण्णांनीही. त्यांच्या सहीला तालुक्यात वजन आहे.